तसबिरीतला चेहरा आणि कुंचल्याचा फराटा

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहात संस्थापक सदस्यांच्या तसबिरी लावाव्यात असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला, त्या बैठकीस आम्ही उपस्थित होतो. चर्चा बरीच रंगली. एका तरुण सदस्याने माहिती दिली की, आता छायाचित्र थेट कॅनव्हासवर छापून मिळते, आणि त्यावर पारदर्शक रोगण फिरवून कुंचल्याचे उंचवटेही उठवून देतात. पाहणाऱ्यास ते तैलचित्रच वाटते. खर्च थोडा आणि चेहरा हुबेहूब. एका ज्येष्ठ सदस्यांनी, चित्रकारास बोलावून, समोर बसून चित्रे काढवून घ्यावीत असे सुचविले. त्यावर तिसरे एक गृहस्थ म्हणाले, “चित्रकाराचं काम लांबून बरं दिसतं हो, जवळ गेलं की नुसते रंगाचे फराटे!”

निर्णय पुढील बैठकीवर गेला. ते वाक्य मात्र आमच्या मनात रुतून बसले. कारण तेच वाक्य आम्ही लहानपणी आमच्या घरात ऐकले होते, आणि त्यावर विश्वास ठेवल्यामुळे पुढे आमच्या हातून एक नुकसानही झाले. ती हकीकत ओघाने येईलच. आम्ही चित्रकार नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या नोकरीत हिशेबाच्या कागदांवर आयुष्य काढले. बदलीच्या प्रत्येक गावी रविवारची सकाळ तेथील संग्रहालयात घालवावी, एवढाच आमचा या विषयातील अधिकार. तेव्हा वाचकांनी हे लिखाण जाणकाराचे न समजता एका उशिरा शहाण्या झालेल्या माणसाचे समजावे.

मराठी मुलखात तैलरंगातील व्यक्तिचित्र आले ते पेशवाईच्या उत्तरार्धात. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला आणि पुढील वर्षी पुण्यास गेला. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामुळे त्यास दरबाराची दारे उघडली. तरुण सवाई माधवराव आणि त्यांच्याजवळ नाना फडणीस, असे जे तैलचित्र त्याने रंगविले ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. महादजी शिंद्यांसही त्याने चित्रबद्ध केले. नाना म्हटले की जी कृश, लांबट, सावध मुद्रा आपल्या डोळ्यांपुढे येते, ती पुष्कळ अंशी या परक्या माणसाच्या कुंचल्याची देणगी होय. शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही निघाली आणि तीत गंगाराम तांबट यांच्यासारखा तयार हात घडला. परंतु १७९५ साली वेल्स वारला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले, आणि हा प्रकार तेथेच थांबला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपले पूर्वीचे चित्रकार चेहरा रेषेने बांधीत. नाकाची धार, डोळ्याचा कोन, ओठांची वळणे रेषेत पकडली की माणूस ओळखू येई. चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर छाया टाकण्याचे कारण नव्हते. वेल्सच्या पद्धतीत प्रकाश एका बाजूने येतो आणि दुसरी बाजू काळवंडते. ज्यांनी असे कधी पाहिले नव्हते त्यांस ती छाया म्हणजे चेहऱ्यावरचा डागच वाटला असेल, तर नवल नाही. आमच्या आजीला तर दीडशे वर्षांनंतरही तसेच वाटले.

पुढे १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तेथील शिक्षण कडक होते. ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून विद्यार्थ्याने दिवसचे दिवस कोळशाने छाया भरावयाची. आणि ती इतकी एकजीव, की हाताचा मागमूस दिसू नये. या शिस्तीने डोळा आणि हात पक्के झाले, यात संशय नाही. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि वार्षिक प्रदर्शनांत आपल्या मंडळींची नावे चमकू लागली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्यांतील अग्रणी. त्यांनी आपल्या शाळेच्या आठवणी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या ग्रंथात लिहून ठेवल्या आहेत. कोणास कोठे मिळाल्यास अवश्य वाचाव्यात.

पण शाळेबाहेरच्या सामान्य माणसाची नजर शाळेने घडविली नाही. ती घडविली कॅमेऱ्याने आणि छापखान्याने. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस छापखाना काढला आणि त्यांची चित्रे घराघरांत, देवघरांत, दुकानांत जाऊन पोचली. हे उपकार लहान नव्हेत. पण शिळेवरून छापलेल्या चित्रात कुंचल्याचा मागमूस उरत नाही. मूळ चित्रातील रंगाची जाडी, कोठे घाई, कोठे थबकणे, हे सारे छपाईत सपाट होऊन जाते. त्याच सुमारास गावोगावी छायाचित्रकारांची दुकाने निघाली. हातांनी रंगविलेले फोटो हा तर त्या काळचा मोठाच शौक होता. गालांवर गुलाबी, शालूवर हिरवा, दागिन्यांवर पिवळा. अशा रीतीने ‘चांगले चित्र म्हणजे गुळगुळीत चित्र’ हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले. आम्ही हे हिणविण्यासाठी लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या माजघरातही तीच चित्रे होती.

याच्या उलट वाटेने जाणारेही होते. गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले अंतोनियो झेवियर त्रिंदाद मुंबईच्या कलाशाळेत शिकले, तेथेच शिकवू लागले. त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हणत. असली बिरुदे आम्हांस सहसा रुचत नाहीत, पण या बाबतीत त्यामागचा अर्थ पटतो. पणजीच्या फोन्तेन्याश भागात फुन्दासांव ओरिएंत या संस्थेत त्यांची चित्रे ठेवलेली आहेत. कुटुंबासह गोव्यास गेलो असता आम्ही तेथे अडीच तास काढले. मंडळी बाहेर खोळंबली होती, त्याचे प्रायश्चित्त पुढे भोगावे लागले! त्रिंदाद यांचे चेहरे छायेतून हळूहळू उजळत येतात. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर रंग दाट बसलेला असतो, आणि कानाकडे जाता जाता कडा विरघळते. केस कोठे संपले आणि मागचा अंधार कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही. प्रथम आम्हांस ते अपुरे वाटले. मग ध्यानात आले की, माणसाकडे पाहताना आपलेही तसेच होते. आपण डोळ्यांकडे पाहतो, तेव्हा कान स्पष्ट दिसत नाही. कॅमेरा सगळीकडे सारखेच पाहतो. त्रिंदाद तसे पाहत नाहीत. कोठे थांबावयाचे हे त्यांनी ठरविलेले असते.

रेम्ब्रांविषयी सांगतात की, चित्राला नाक लावणाऱ्या पाहुण्यांना तो मागे ओढी आणि म्हणे, रंगाचा वास तुम्हांस बाधेल. आमच्या बैठकीतील सद्गृहस्थांची तक्रार किती जुनी आहे, हे यावरून दिसावे.

आता इंदूरकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपला दुर्ग जिल्हा नागपूरबरोबर एका प्रांतात होता. त्या दिवसापासून १ नोव्हेंबर २००० पर्यंत तो इंदूरबरोबर एका राज्यात राहिला. तेव्हा भिलाईच्या मराठी माणसाने नागपूर आणि इंदूर या दोहोंनाही शेजारघर मानावे. होळकरांच्या इंदुरात १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकलेची शाळा सुरू केली. या मास्तरांच्या हाताखालून नारायण श्रीधर बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन असे विद्यार्थी बाहेर पडले. एका शिक्षकाच्या पदरी एवढे पुण्य क्वचितच पडते. ही मुले पदविकेच्या परीक्षांसाठी आणि प्रदर्शनांसाठी मुंबईस जात. त्यांच्या कामात माळव्याचे ऊन होते. रंग घोटून एकजीव करण्याऐवजी ते शेजारी शेजारी ठेवीत. तपकिरी छायेऐवजी निळसर, जांभळी, हिरवी छाया घालीत. कला-इतिहासात ‘इंदूर स्कूल’ असे नाव त्यांच्या पद्धतीस मिळाले, ते योग्यच आहे.

आमचे आजोबा होळकर संस्थानात दफ्तरखान्यात कारकून होते. त्या शाळेत शिकणाऱ्या एका होतकरू तरुणास ते कधीमधी जेवावयास बोलावीत. त्या जेवणांची उतराई म्हणून त्याने आजोबांचे एक तैलचित्र रंगवून दिले. सही नाही, सालही नाही. डोक्यास होळकरी पगडी, अंगात पांढरा अंगरखा, आणि मांडीवर उजवा हात. हे चित्र दिवाणखान्यात लागले खरे, पण आजीने ते कधीही मनापासून स्वीकारले नाही. पाहुणे आले की ती पदर सावरीत म्हणे, “ह्यांचा रंग असा कुठं होता? गोरेपान होते. हनुवटीखाली हे हिरवं कसलं फासलंय मेल्यानं?” आणि खरोखरच हनुवटीपासून कानापर्यंत एक हिरवट करडा पट्टा होता. कुंचला एकदाच ओढलेला, कडांशी रंगाची वरंब तशीच राहिलेली. आम्ही मुले त्याला ‘आजोबांचं शेवाळ’ म्हणत असू.

वडिलांच्या पश्चात चित्र आमच्याकडे आले. नोकरीच्या निमित्ताने आम्ही तेव्हा एका मोठ्या शहरात होतो. कॅनव्हास ढिला पडला होता, कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे उठले होते. आम्ही ते एका फ्रेमच्या दुकानात नेले. दुकानदाराने आस्थेने विचारले, “चेहरा जरा साफ करून देऊ का?” आम्ही होकार दिला. आठ दिवसांनी चित्र घेऊन आलो तेव्हा घरातील सर्वांना फार आनंद झाला. शेवाळ गेले होते! गाल, हनुवटी, गळा सर्वत्र एकसारखा गुलाबी रंग फिरला होता. आजी असती तर तिने दृष्टच काढली असती. दोनचार महिन्यांनी मात्र आमच्या लक्षात आले की, येता-जाता आम्ही आता त्या चित्राकडे पाहत नाही. पूर्वी आजोबा दिवाणखान्यात असत. आता भिंतीवर एक तसबीर होती. असे का व्हावे, याचे उत्तर मिळण्यास पुढे बरीच वर्षे गेली.

ते उत्तर नागपुरास मिळाले. तेथे एका नामांकित चित्रकाराने समोर माणूस बसवून व्यक्तिचित्र रंगविण्याचे प्रात्यक्षिक दिले. आम्ही कार्यालयीन कामासाठी गेलो होतो, सायंकाळ मोकळी होती, म्हणून जाऊन बसलो. समोर एक वृद्ध माळी बसला होता. चित्रकाराच्या पॅलेटवर चारच रंग होते : पांढरा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, शेंदरी-तांबडा व्हर्मिलियन आणि काळा. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न याच चार रंगांवर भर देई, असे त्यांनी सांगितले. आम्ही शेजाऱ्यास हळूच विचारले, “निळा, हिरवा कोठे आहे?” चित्रकाराने ते ऐकले असावे. त्यांनी काळ्यात थोडी पिवळी माती मिसळली आणि आमच्या डोळ्यांदेखत हिरवट रंग झाला! काळ्यात पांढरा मिसळला, तो त्या पिवळ्या-तांबड्याच्या शेजारी निळसर दिसू लागला. मग त्यांनी चपटा कुंचला त्या हिरवटात बुडविला, समोरच्या माणसाकडे बराच वेळ पाहिले, आणि हनुवटीखाली एकच फराटा ओढला. त्यास पुन्हा हात लावला नाही. त्या क्षणी शेजारचा तांबूस गाल असा काही उजळला की सभागृहात कुजबुज झाली. गालाला मात्र त्यांनी स्पर्शही केला नव्हता.

आमच्या डोळ्यांपुढे इंदूरचा दिवाणखाना उभा राहिला.

मागाहून आम्ही त्यांना गाठले. त्यांनी समजावून दिले ते असे. त्वचेला एक असा रंग नसतो. उजेड उबदार असेल तर छाया थंड दिसते; खिडकीतून आभाळाचा निळसर उजेड आला तर छायाच उबदार दिसते. तांबड्याशेजारी हिरवा ठेवला की दोन्ही एकमेकांस जागे करतात. इटलीतील जुने चित्रकार तर चेहऱ्याखाली आधी हिरव्या मातीचा थर देत आणि मगच वर गुलाबी रंगवीत. आणि फराटा हा निष्काळजीपणा नसून निर्णय असतो. गाल जेथे वळतो तेथे कुंचला वळतो, कपाळाचे हाड सपाट तेथे कुंचला सपाट. पुसून एकजीव केले की निर्णय पुसला जातो, आणि उरते ती नुसती माहिती.

भिलाईच्या वाचकांस यातील एक गोष्ट आमच्यापेक्षा लवकर उमजेल. भट्टीतून रस सोडतात तेव्हा समोर उभ्या कामगाराचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना विचारावे. उजेडाची बाजू नारिंगी पेटलेली असते आणि दुसऱ्या बाजूस गालावर निळसर राखाडी उतरलेली असते. त्या राखाडीस कोणी डाग म्हणत नाही. १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली तेव्हापासून या गावातील हजारो डोळ्यांनी हे पाहिले आहे, फक्त चित्र पाहताना ते आपण विसरतो. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. पिवळी माती, गेरू, सिएना हे त्वचेसाठी लागणारे रंग मुळात लोखंडाचे गंज होत. पिवळी माती तापविली की तिच्यातील पाणी उडून ती तांबडी होते. दल्ली-राजहराच्या खाणींतून जे तांबडे खनिज आपल्या कारखान्यात येते, त्याच्याच जातीचा हा कुटुंबकबिला. आणि ज्या तेलात हे रंग घोटतात, ते अळशीचे. भात कापणीस येण्यापूर्वी उभ्या पिकात ‘उतेरा’ करून आपल्याकडचे शेतकरी जी अळशी फेकतात, थंडीत जिची निळी फुले दिसतात, तिचेच तेल. ते हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते. म्हणूनच तैलरंगात ओल्यावर ओला रंग चढविता येतो आणि चित्रकारास विचार करण्यास सवड मिळते.

यावरून मोकळा फराटा तेवढा खरा आणि घोटीव काम खोटे, असे कोणी समजू नये. गोपाळ देऊसकर यांचे काम पाहावे. नगरला १९११ साली जन्मलेला हा चित्रकार निजामाच्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आला. दिल्लीस असताना संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे लोकमान्यांचे चित्र पाहण्याचा योग आम्हांस आला. तेथेच सर ऑस्वाल्ड बर्ली यांचे महात्माजींचे चित्र आहे. पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडले, त्यासाठी देऊसकरांनी बालगंधर्वांची दोन चित्रे केली, एक पुरुषवेषातील आणि एक स्त्रीभूमिकेतील. देऊसकरांचा हात घोटीव खरा, पण तेथे गुळगुळीतपणा हाही निर्णयच आहे. फ्रेमच्या दुकानातील गुलाबी रंग आणि हा गुळगुळीतपणा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे एरवी सांगून पटत नाही. समोर उभे राहूनच पटते. आमची रीत अशी : प्रथम दहा पावलांवरून पाहावे, मग हातभर अंतरावर जावे, आणि पुन्हा मागे यावे. मागे येताना फराटे एकमेकांत मिसळून त्यांचा माणूस कोठे होतो, ती जागा शोधावी. प्रत्येक चित्राची ती जागा वेगळी असते.

ही परंपरा मावळलेली नाही. २००६ साली वासुदेव कामत यांनी रंगविलेल्या आपल्या पत्नीच्या व्यक्तिचित्रास अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचे ड्रेपर पारितोषिक मिळाले. जगभरातील चित्रांतून मुंबईच्या शाळेत शिकलेल्या एका चित्रकाराची निवड झाली, आणि विषय तरी कोणता, तर घरातली व्यक्ती.

राहिला कार्यकारिणीपुढील प्रस्ताव. संस्थापकांपैकी जे आज हयात आहेत, त्यांना दोनतीन बैठका खुर्चीत स्वस्थ बसावे लागेल. गुडघेदुखीमुळे काहींना ते अवघड आहे, हे आम्ही जाणतो. जे गेले, त्यांचे फोटोच आहेत. तेथे छापील कॅनव्हासला आमची हरकत नाही, फक्त त्यावर रोगणाचे खोटे फराटे उठवू नयेत. पण जे समोर बसू शकतात त्यांच्यासाठी चित्रकार बोलवावा, असे मत आम्ही लेखी दिले आहे. खर्चाचा अंदाजही सोबत जोडला आहे; हिशेबाची सवय जात नाही.

आमच्या आजोबांचे चित्र आता आमच्या भिलाईच्या घरात खिडकीजवळ आहे. वरचा गुलाबी थर तज्ज्ञाकडून काढविता येईल असे नागपूरच्या चित्रकारांनी सुचविले आहे, पण खालचा फराटा शाबूत असेलच असे सांगवत नाही. म्हणून आम्ही अद्याप धीर केलेला नाही. मांडीवरच्या हातास मात्र दुकानदाराने स्पर्श केला नव्हता. सहासात फराट्यांत ती बोटे उमटली आहेत. करंगळीवर दौतीच्या शाईसारखा एक निळा ठिपका आहे, इतकी वर्षे आम्ही तो रंग सांडलेला समजत होतो. परवा संध्याकाळी आमची कन्या चित्राजवळ खुर्चीवर चढून उभी होती. तिने विचारले, “बाबा, पणजोबांच्या कानाच्या मागे हे हिरवं काय आहे?” दुकानदाराच्या कुंचल्यातून नखभर जागा सुटली होती. आम्ही दिवा मालविला आणि खिडकीचा पडदा बाजूला केला.